बाबूकाकांच्या वाट्याचा रस्ता

अल्लीपूरला एका मित्राच्या अंगणात बैठक चालू होती आणि मी बोलत होते. गावात वाचनालय का हवं, हा विषय. पिशवीतला फोन थरथरत होता आणि मी तो दोनदा बंद केला, कारण बोलताना मी फोन घेत नाही. माझी तत्त्वं अशी जागोजागी आडवी येतात. तिसऱ्यांदा मात्र मित्राच्या आईनंच पिशवी आणून हातात दिली. पलीकडे शालूकाकू होत्या, बाबूकाकांच्या पत्नी. ‘‘क्रांती, हे गेले वं...’’ एवढंच म्हणाल्या. मग, ‘‘चहा मागतला होता सकाळी. मी घेऊन आली, तं कप हातात घ्याले कोणी नव्हतंच.’’ वर्ध्याला येणाऱ्या एसटीत पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. वाटायची राहिली होती. पहिल्यांदाच मला त्या पत्रकांचं काहीच वाटत नव्हतं.

याला आता पाच आठवडे झाले. तेरवीच्या कार्डावर ‘सर्वांचे लाडके’ असं छापलं होतं. बाबूकाकांनी ते वाचलं असतं तर चष्मा वर सरकवून विचारलं असतं, ‘‘सर्वांचे म्हणजे कोणाचे? नावं लिहा ना.’’ रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे पार्सलबाबू म्हणत आणि मी बाबूकाका. आमचं घर त्यांच्यापासून दोन घरं सोडून. माझे वडील संघटनेचे कार्यकर्ते. आमच्याकडे दिवाणाखाली, माळ्यावर, गव्हाच्या कोठीमागे पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. ‘निषेध’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी लिहिता येत होता, असं आई अजून सांगते. त्यामुळे पुढे मीही पत्रकं लिहायला लागले, यात नवल नव्हतं. नवल हे, की माझी पत्रकं छापायला जाण्याआधी मी वडिलांना नाही, तर बाबूकाकांना दाखवत असे.

‘‘या क्रांतीबाई. आज कोणाचा निषेध?’’ ते ओसरीवरून ओरडायचे. कागद हातात घेऊन उलटसुलट करायचे, पार्सल किती जड आहे ते पाहावं तसे. मग विचारायचे, ‘‘याच्यावर पत्ता कुठी आहे?’’

‘‘काका, खाली संपर्क दिलाय.’’

‘‘तुया पत्ता नाई वं. ज्याले पाठवून राह्यली त्याचा. ‘समाजाने जागे व्हावे.’ कोणता समाज? कोणत्या गल्लीतला? असा माल कुठीच उतरत नाई, पोरी. फिरत राह्यते.’’

मला राग यायचा. घरी येऊन मी दार आपटायचे आणि मग तेच वाक्य खोडून ‘बाजारातल्या दुकानदारांनो’ असं लिहायचे. आज मला जे काही लिहिता येतं, त्यातलं निम्मं त्या ओसरीवर शिकले आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही दोघं सायकलनं फिरायला निघालो. कल्पना माझी. गावागावांत वाचनालयाबद्दल बोलत, पत्रकं वाटत लांबचा प्रवास करायचा. कुठून कुठवर, ते ठरवलं बाबूकाकांनी. ‘‘पुरीले जाऊ गाडीनं. सायकली संग नेऊ. आन् तिथून चालवत वर्धा.’’ का पुरी, तर तीस वर्षं ते लोकांच्या सामानावर ‘पुरी’ लिहीत आले होते आणि स्वतः कधी गेले नव्हते. रेल्वेचा पास असूनही. सुट्टी घ्यायची लाज वाटायची त्यांना. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि हा एवढा एकच हट्ट त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवला होता. ‘‘एकदा आपल्या हातानं लेबल लिवीन, आन् मंग त्या मालासंग मीच जाईन,’’ असं म्हणताना त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी पोरासारखा झाला होता.

सायकली बांधायला त्यांनी पूर्ण एक दिवस घेतला. पेडल काढली, हँडल वळवून चौकटीला समांतर केलं, हवा थोडी कमी केली. मग सगळ्याला चिंधी गुंडाळून वरून पोतं शिवलं. माझी गिअरची नवी सायकल आणि त्यांची काळी, उंच, दांडीवाली. मी दाभण धरलं, तर त्यांनी माझा टाका उसवून पुन्हा घातला. त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी मला त्या दिवशी चारदा ऐकवला. डब्यात माल चढेपर्यंत मालकानं पावती हातात घेऊन मालाजवळ उभं राहायचं. हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी.

आणि तो नियम माझ्यामुळे मोडला. स्टेशनवर आम्हाला निरोप द्यायला बरीच मंडळी आली होती. गाडी लागली. माझी सायकल डब्यात चढली. आता काकांची चढणार, तेवढ्यात मला वाटलं, एवढे प्रवासी खिडक्यांतून बघताहेत, बॅनर उघडायला हवं. मैत्रिणीनं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. ‘‘काका, या ना! एकच मिनिट!’’ मी हाक मारली. ते आले. खिशात पावती, दोन्ही हातांत बॅनरचं टोक, आणि मी बोलत सुटले. चांगलं बोलले असणार, टाळ्या पडल्या. शिट्टी झाली, आम्ही धावत आमच्या डब्यात चढलो. गाडीनं प्लॅटफॉर्म सोडताना मी खिडकीतून हात हलवत होते, आणि हलवता हलवता मला ती दिसली. पोत्यात शिवलेली, खांबाला टेकवलेली, काकांची सायकल.

मी साखळी ओढायला उठले. त्यांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. ‘‘काऊन शेकडो लोकायले थांबवते? बस.’’

‘‘मागच्या गाडीनं पाठवता येईल ना? तुमच्या ऑफिसातल्या कोणाला फोन करा.’’

‘‘आता काई होत नाई,’’ ते म्हणाले. पार्सलबाबूच म्हणतात होत नाही, म्हटल्यावर मी काय बोलणार? पुढच्या सीटवरची बाई माझ्याकडे बघत राहिली, मी इतकी रडत होते. काकांनी पत्रकाचा द्रोण करून तिच्याकडून चिवडा घेतला आणि माझ्यापुढे धरला. ‘‘खाय. एक सायकल आहे ना. दोघं मिळून चालवू.’’

तशी चालवली. सकाळी ते सायकलवर, मी सामान घेऊन बसनं. दुपारी ठरलेल्या गावाच्या बसस्टँडवर भेटायचं, जेवायचं. मग सायकल माझी आणि बस त्यांची. संध्याकाळी पुढच्या मुक्कामी पुन्हा भेट. ते ताडमाड उंच, माझ्या छोट्या सायकलवर त्यांचे गुडघे दोन्ही बाजूंना पंखांसारखे उघडत. रोज दुपारी सीट खाली व्हायची, रोज सकाळी वर. आणि रोज दुपारी ते खिशातून छोटी वही काढून माझ्यापुढे धरायचे. ‘सायकल एक. चांगल्या स्थितीत मिळाली.’ खाली माझी सही. एकदा मी वैतागून म्हटलं, ‘‘काका, आपण दोघंच तर आहोत!’’ तर म्हणाले, ‘‘दोघातच तं भांडणं होतेत. सही कर.’’

ओडिशात माझी मराठी आणि हिंदी पत्रकं फारशी कोणी वाचेना. संबलपूरच्या अलीकडे एका चहावाल्यानं ती अदबीनं घेतली आणि लगेच त्यात भजी बांधून आम्हालाच दिली. बाबूकाका इतके हसले, की त्यांना खोकला लागला, आणि ते बराच वेळ छातीवर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, ठसका लागला.

संध्याकाळी ते सकाळचा रस्ता सांगत. एका ठिकाणी म्हणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोहाची झाडं इतकी जवळ आली होती, की त्यांना सायकलवरून उतरून चालावंसं वाटलं. कुठल्याशा गावात एका म्हाताऱ्यानं त्यांना आपल्या घरातली पुस्तकांची पेटी उघडून दाखवली. भाषा कळेना, तर दोघं नुसती चित्रं पाहत बसले. मी ऐकत होते... खरं तर ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात एकच चाललेलं असे, की या माणसाचा आयुष्यातला एकमेव प्रवास मी अर्धा खाल्ला. त्या गावाचं नाव मी विचारलं नाही. आज ते सांगायला कोणी नाही.

परतल्यावर काका पुन्हा सायकलवर बसले नाहीत. त्यांची सायकल घरी आली, एवढं कळलं होतं. पण बाजारात ते चालत जाऊ लागले. विचारलं, तर म्हणत, ‘‘गुडघे.’’ मला ते खरं वाटलं नाही. ते माझ्यावर रुसले आहेत आणि सभ्यपणानं बोलत नाहीत, असं मी धरून चालले. एकदाच धीर करून म्हटलं, ‘‘काका, माझ्यामुळे तुमचा अर्धा प्रवास गेला.’’ ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, ‘‘अर्धा तं झाला ना.’’ मी लगेच नव्या पत्रकाचा विषय काढला. माणूस जिवंत असताना त्याची माफी नीट मागायची असते, हे मी इतरांना भाषणांतून सांगत फिरत होते.

तेरवीनंतर चार दिवसांनी शालूकाकूंनी मला बोलावलं आणि मागच्या खोलीत नेलं. भिंतीला टेकून ती उभी होती. पोतं तसंच. टाके तसेच. तीन वर्षांत कोणी उघडलीच नव्हती. मी टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हटलं, ‘‘काकू, मी त्या दिवशी बॅनर धरायला बोलावलं नसतं, तर...’’

‘‘तू काई नाई केलं, माय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘त्याईले दिसून राह्यली होती सायकल. मलेच सांगतलं त्याईनं. बॅनर धरून पाहून राह्यले होते, की खालीच आहे, आन् मुद्दाम हालले नाई.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘सावंगीच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, लांब सायकल चालवाची नाई. हृदयाचं होतं. मी म्हटलं, जायचंच असन तं अर्धं बसनं जा. तं म्हणे, क्रांतीले समजलं तं जाऊच देणार नाई, पत्रक काढन माह्यावर.’’ काकू रडता रडता हसल्या. ‘‘मंग गाडीतून फोन केला ऑफिसातल्या पोराले. सायकल घरी नेऊन दे आन् कोणाले बोलू नको म्हणून. उघडू मात्र देल्ली नाई मले. म्हणे, बांधलेला माल आहे, जाईन कधी तरी.’’

मला आधी संताप आला. तीन वर्षं! हा माणूस मला एका शब्दानं मोकळं करू शकला असता. मग विचार केला. आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? प्रवास रद्द केला असता. जबाबदारी, नैतिकता, ज्येष्ठांचं आरोग्य असं काहीतरी ठणकावून बोलले असते, आणि ते पुरी न पाहताच गेले असते. नंतर सांगितलं असतं, तरी मी हेच म्हटलं असतं, की तुम्ही मला फसवलं. खोटेपणाविरुद्ध मी इतकं लिहिलं आहे, की माझ्याजवळ खरं बोलायची त्यांना सोय उरली नव्हती. हे लिहायला मला पाच आठवडे लागले.

काकूंना मी ती सायकल मागितली.

‘‘ने. पण तुले पाय पुरतीन का वं त्याच्यावर?’’

‘‘सीट खाली करीन.’’

‘‘आन् एकटीच चालवशीन एवढी?’’

‘‘अर्धीच. सकाळीच फक्त. दुपारी बसनं, सायकल टपावर टाकून.’’

मग काकूंना कळलं. दुपारचे रस्ते मी चालवलेले आहेत. सकाळचे राहिलेत.

सायकल सध्या माझ्या खोलीत आहे. पोत्यावर शिवलेल्या कापडाच्या तुकड्यावर काळ्या शाईनं त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘वर्धा ते पुरी’. खाली त्यांचं नाव. मी त्यात काही खोडलेलं नाही, काही वाढवलेलं नाही. एकही टाका इथे उसवायचा नाही, असं ठरवलं आहे. तो पुरीच्या प्लॅटफॉर्मवर उसवेन, सकाळी.