खिडकीच्या कट्ट्यावरची अक्षरं

शाळा झाडणाऱ्या मावशींच्या नजरेतून धुळीचा कण सुटायचा नाही. पहिलीच्या वर्गातल्या एका खिडकीचा कट्टा मात्र त्या मुद्दाम तसाच ठेवायच्या. शाळा भरण्याआधी त्यांची नात तिथे धुळीत बोटाने अक्षरं गिरवायची. मध्येमध्ये बोट जिभेला लावलं की अक्षर कसं ठसठशीत उठायचं!

गेल्या महिन्यात बाईंनी तक्रार केली, की पोर शिकवलेलं विसरते आणि पोट दुखतं म्हणून रडते. “कामचोर मेली! सगळी नाटकं,” मावशी कडाडल्या, आणि सराव वाढावा म्हणून त्यांनी दुसराही कट्टा पुसायचा सोडून दिला.

मध्यंतरी तपासणीवाले साहेब शाळेतली धूळ डब्यांत भरून घेऊन गेले होते. आज सकाळीच ते निकाल घेऊन आले.

“शाळेच्या मागे बॅटऱ्या फोडतात ना, तिथलं शिसं आहे या धुळीत,” ते हेडमास्तरांना सांगत होते. “पोटात गेलं तर मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. शिकलेलं लक्षात राहत नाही, पोट दुखतं. सगळ्यात जास्त सापडलंय ते खिडक्यांच्या कट्ट्यांवर.”

दाराशी झाडत असलेल्या मावशींनी ते ऐकलं. झाडू तिथेच टाकून त्या वर्गाकडे धावत सुटल्या.

आजीला असं धावत येताना पाहून नात भिंतीला चिकटली. तिच्या जिभेचं टोक करडं झालं होतं.

“आजी, ओरडू नकोस ना,” ती म्हणाली. “आज दोन्ही कट्टे पूर्ण केलेत मी.”