दत्तूचं डोकं, आबांची अब्रू

दत्तू तुरुंगात फिट येऊन गेला, हे मला त्याच्या चुलत्यांनी, आबांनी फोनवर कळवलं. "सुटला एकदाचा," म्हणाले. खरं कोण सुटलं, ते आवाजावरूनच कळत होतं...

दत्तू माझा मावसभाऊ. अकोले ते भंडारदरा जीप चालवायचा. रस्त्यात साप आडवा आला तर गाडी थांबवून तो जाईपर्यंत विडी ओढत बसणारा माणूस. एकदा घाटात जीप उलटली आणि त्याचं कपाळ फुटलं. जखम भरली, पण आधीचा दत्तू काही परत आला नाही. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर, कुत्रं भुंकलं की दगड... आणि मग स्वतःच गुडघ्यात डोकं घालून रडायचा. त्याची बायको, सुनंदावहिनी, त्याला नगरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी सोबत होतो. मेंदूचा फोटो दाखवत डॉक्टर म्हणाले, "राग सगळ्यांनाच येतो. तो आवरणारा भाग यांचा दुखावलाय. असा मार लागलेले सगळेच अंगावर धावत नाहीत, पण यांची लक्षणं बरी नाहीत. ॲडमिट करा, गोळ्या चुकवू नका."

आबांनी ॲडमिट होऊ दिलं नाही. "मेंदूबिंदू काय न्हाई. घरात येडं हाय असं गावभर झालं तर आमच्या पोरी कोन करून घेईल?" गोळ्या त्यांनी ओढ्यात फेकल्या आणि दत्तूच्या दंडाला गंडा बांधला. गावाला हे शहाणपण फार पटलं.

पुढं गाय भातात शिरली, एवढ्यावरून दत्तूनं शेजारच्या नामदेवच्या डोक्यात दगड घातला. नामदेव जागीच गेला. त्याच्या बायकोपुढे मेंदूची कारणं सांगायची माझी हिंमत नाही. आबांना मात्र कोर्टात कसलीच अडचण आली नाही. कडक इस्त्रीची टोपी घालून त्यांनी साक्ष दिली, "पहिल्यापासूनच रागीट होता साहेब."

दत्तूच्या दहाव्यालाही आबाच बोलायला उभे राहिले. "नशिबाचे भोग..."

वहिनी जागेवरून उठली. "आबा, नशिबानं गोळ्या न्हाई फेकल्या. तुमी फेकल्या."

आबा चष्मा पुसत राहिले. त्यांचा मेंदू शाबूत आहे. कुठल्याही फोटोत त्यात काही सापडणार नाही.

परवा वहिनीकडे गेलो होतो. तिनं गवत कापलं, कोयता पुसला आणि घरात नेऊन तांदळाच्या कणगीमागे दडवला. मी बघतच राहिलो.

"ह्यांनीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "राग आला की माजं मला कळत न्हाई, सुनंदे, मला सापडंल असा ठेवू नको..."

"पण आता कशाला, वहिनी?"

"हात आपसूक जातो," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.