पाहुण्यांचा कोट

माझी मावशी कपडे शिवत नसे, दुसऱ्यांनी शिवलेले कपडे माणसाच्या अंगाला बसवून देत असे. घट्ट झालेलं सोडायचं, सैल झालेलं आत घ्यायचं, फाटलेलं रफू करायचं, एवढाच तिचा धंदा. एका इमारतीच्या जिन्याखाली अरुंद खोली होती. तिला रस्त्याकडे एक मोठी काच, आत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा. पोट सुटलेला माणूस पँट घेऊन आला की ती गंभीर चेहऱ्याने म्हणे, "कापड आटलं हो. हल्लीचं कापडच मेलं तसलं." माणूस खूश होऊन दुप्पट गप्पा मारे.

चेहरे ती विसरायची, मापं नाही. दहा वर्षांनी आलेल्या बाईला तिने नाव विचारलं नाही. "तुमचा डावा हात अर्धा इंच लांब, नाही का?" म्हणाली आणि बाई घाबरलीच.

काका लवकर गेले. मागे एकच मुलगा, माझा मावसभाऊ. हडकुळा आणि उंच, म्हणून सगळे त्याला टोळ म्हणायचे. बेकरीत पहाटेच्या पाळीला सायकलने जायचा. बावीस वर्षांचा असताना एका पहाटे, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर एका व्हॅनने त्याला उडवलं आणि व्हॅन निघून गेली. पाऊण तासाने दूधवाल्याला तो दिसला, तेव्हा सगळं संपलं होतं.

हॉस्पिटलमधून गाठोडं मिळालं ते घ्यायला मी मावशीबरोबर गेले होते. त्यात टोळचे कपडे, घड्याळ, एक बूट आणि एक जाड करडा कोट होता. कॉलर काळी पडलेली.

"हा त्याचा नाही," मावशी म्हणाली.

कारकुनाने यादीवर बोट ठेवलं. "डोक्याखाली घडी करून ठेवलेला होता. दूधवाला म्हणतो, तो पोचायच्या आधीपासून होता. घेऊन जा."

मावशी गेली नाही. काउंटरला धरून तिथेच उभी राहिली. मग मला म्हणाली, "म्हणजे कुणीतरी होतं गं तिथे. एकटा नव्हता तो."

व्हॅनवाला चौथ्या दिवशी सापडला. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, त्यापुढे अवाक्षर काढलं नाही आणि चार वर्षं आत गेला. मावशी एकाही तारखेला गेली नाही. "मला त्याचं तोंड नको बघायला. एकदा बघितलं की जन्मभर डोळ्यांपुढे राहील." मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मात्र प्रत्येक तारखेला जाऊन बसायचा आणि परत येऊन एकच वाक्य बोलायचा, "बाहेर येऊ दे त्याला. मग बघतो." गल्लीतल्या लोकांनाही ते पटलेलं होतं. चार वर्षांनी काय होणार हे जणू ठरलेलंच होतं, तारीख तेवढी यायची बाकी.

मावशीने कोट धुतला, अस्तर बदललं आणि काचेजवळच्या कापडी पुतळ्यावर चढवला. कोटाचा मालक कधी इथून गेला तर ओळखेल, आत येईल, त्याचे उपकार मानता येतील, एवढाच तिचा हेतू. पण पुतळा होता बाईच्या बेताचा. कोट त्यावर लोंबू लागला, तशी तिने पुतळा भरायला घेतला. खांद्याला चिंध्या, छातीला टोळचे जुने बनियन, पोटाला त्याच्या उशीतला कापूस. कोटाच्या घड्या आणि झिजलेल्या जागा चाचपून ती अंदाज बांधायची. "डाव्या खांद्यावर ओझी वाहिलीत यांनी. पाऊण इंच खाली आहे खांदा. आणि उजवा हात सारखा खिशात." टाचण्या तोंडात धरून ती दुपारच्या दुपार हे करत बसे. दोन महिन्यांत त्या बिनडोक्याच्या पुतळ्याचा एक माणूस झाला. मावशी त्याला ‘पाहुणे’ म्हणू लागली.

मी समोरच्या दवाखान्यात औषधं द्यायचे. दवाखाना एक ते पाच बंद, तेव्हा माझी बैठक मावशीकडे असायची. त्यामुळे सांगते, त्या दुकानात आम्ही दोघीच असलो तरी तिघं असल्यासारखं वाटे. गिऱ्हाइकं आत आल्यावर पाहुण्यांसाठी जरा बाजूला सरकायची. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "आधी यांचं बघा बाई. मी आलोय तेव्हापासून उभे आहेत." आणि चष्मा पुसून बघितल्यावर हसायचं सोडून आणखी बाजूला सरकले. एकदा मी सहज पाहुण्यांच्या पाठीवर हात टेकला आणि झटकन काढून घेतला. पाठ गरम होती. काचेतून ऊन पडत होतं, हे खरंच. पण मी कोटाच्या आत हात घातला, तर आतही तेवढंच गरम.

"उन्हानं होतं तसं," मावशी मान वर न करता म्हणाली. मी काही विचारलेलंच नव्हतं.

पाचवं वर्ष लागलं. एक दिवस चारच्या सुमाराला मी आतून रस्त्याकडे बघत होते आणि अंगावर सर्रकन काटा आला. पाहुण्यांना डोकं होतं. दोन-तीन श्वास मला काही सुधरलं नाही. मग कळलं, पलीकडच्या फुटपाथवर एक माणूस उभा होता आणि मी बसले होते तिथून त्याचं डोकं नेमकं पुतळ्याच्या मानेवर येत होतं. तो कोटाकडे बघत होता. मी उठले तसा तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तो तिथेच. तिसऱ्या दिवशीही. मी जागा बदलून बसले, तरी काही वेळाने डोकं बरोबर मानेवर आलेलं असायचं. मावशीला सांगितलं नाही. पण चार वाजायला आले की तिच्या मशीनचा आवाज मंद व्हायचा, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

सहाव्या दिवशी तो रस्ता ओलांडून आत आला. पंचेचाळिशीचा, गाल बसलेला, हातात तपकिरी पँट.

"कमरेत आत घ्यायचीय," तो म्हणाला.

मावशीने टेप कमरेला लावली. "चार इंच! आजारी होतात की काय?"

"तसंच काहीसं."

ती उभी राहिली. पँटचं काम, तरी तिने टेप त्याच्या खांद्यांवर टाकली. मग उजव्या हाताला लावली. मग डाव्या खांद्यावर नुसता पंजा ठेवून थांबली. तोंडात टाचण्या तशाच धरून ती पुतळ्याकडे गेली, कोट उतरवला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने निमूट हात घातले. छातीत ढगळ झाला, पण खांद्यांवर शिवण नेमकी बसली. बाह्या मनगटाशी बरोबर थांबल्या.

मावशीने टाचण्या काढून गादीत खोचल्या. तिचे डोळे भरले होते. "चार वर्षं तुमची वाट बघतेय मी," ती म्हणाली आणि तिने हात जोडले. "माझ्या लेकाच्या डोक्याखाली तुम्ही..."

"बाई, हात जोडू नका."

"का नको? तुम्ही नसतात तर तो एकटाच..."

"व्हॅन मीच चालवत होतो."

डोक्यावरच्या जिन्यावरून कुणीतरी धडधड उतरून गेलं. टेबलावर मोठी कात्री उघडी पडली होती आणि मला दुसरं काही दिसेना. मी ती उचलावी म्हणून हात पुढे केला. मावशी म्हणाली, "राहू दे तिथे."

मग तिने त्याला विचारलं, "जिवंत होता?"

"होता."

"बोलला काही?"

"सायकल मोडली का, विचारलं. मी नाही म्हटलं. डोक्याखाली गार लागतंय म्हणाला. म्हणून कोट काढला."

"मग?"

"मदत आणतो सांगून व्हॅनमध्ये बसलो. खरंच आणणार होतो. हॉस्पिटलचं दार दिसलं, पोलीस चौकी दिसली. पाय ब्रेकवर गेलाच नाही. गाव संपलं तरी चालवत होतो."

"थांबला असतात तर?"

"कोर्टात डॉक्टर म्हणाले, वाचलाही असता."

हे मामाला ठाऊक होतं आणि त्याने चार वर्षं मावशीपासून लपवलं होतं, ते मला नंतर कळलं. मी आता वाट बघत होते ती मावशी त्याला अरे-तुरे करायची. ती एकेरीवर आली की त्यापाठोपाठ बाकीचं सगळं येईल, असं वाटत होतं. तिने त्याच्या अंगावरून कोट उतरवून घेतला, छातीत दोन्हीकडून किती आत घ्यायचा तिथे खडूची रेघ मारली आणि म्हणाली, "परवा या. चारला. पँट आणि कोट दोन्ही होईल."

मामाला मी सांगितलं. नको होतं सांगायला, पण माझं धाडस संपलं होतं. ठरल्या दिवशी तीन वाजताच मामा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी गज. मावशीने बघितलं. तो पडद्याआड जाऊन बसला. मावशी कोटाला शेवटची शिलाई मारत होती. तिच्यामागे पुतळा उघडा उभा होता, चिंध्या आणि बनियन बाहेर आलेले. रस्त्यावरही माणसं जरा जास्तच रेंगाळत होती. पानाफुलाला वास फुटावा तशी बातमी फुटली होती.

चारला तो माणूस आला. पडदा सरकला. मामाला बघून त्याने खांदे पाडले आणि पळायच्या ऐवजी दुकानाचं दार आतून लोटून घेतलं.

मामा दोन पावलं पुढे आला. कागद सुटून खाली पडला.

"बरा आलास," मावशी भावाला म्हणाली. "मला एकटीला पाठीचं माप घेता येत नाहीये. हे टोक धर."

"ताई, बाजूला हो."

"अरे, धर ना. मानेच्या हाडावर ठेव. बाहेर सगळी दुनिया बघतेय, माझं एक काम नीट होऊ दे."

लहानपणापासून तिने त्याला असंच सांगितलेलं. दप्तर धर, हात धर. गज आणि टेप एका हातात मावेनात. त्याने गज टेबलाला टेकवला आणि टेपचं टोक त्या माणसाच्या मानेवर ठेवलं. टेप तीनदा सुटली.

"किती?" मावशीने खालून विचारलं.

मामा पुटपुटला, "अठ्ठावीस."

"मोठ्याने."

"अठ्ठावीस!" तो ओरडला आणि तिथेच, त्या माणसाच्या पाठीमागे उभा राहून हमसून हमसून रडू लागला. चार वर्षांत पहिल्यांदा. तो माणूस वळला नाही. मानेवर बोटं तशीच होती.

मावशीने त्याला कोट घालायला लावला आणि बटणं स्वतः लावली. "माफ केलं असं घरी जाऊन समजू नका," ती म्हणाली. "मला ते येत नाही. पुढे येईल असंही नाही. पण हा कोट आता इथे नको. आजवर त्याच्याशी बोलायचे मी. आता बोलू लागले की तुम्हीच ऐकाल."

तो गेला. गल्लीतली माणसं बाजूला झाली. काही जण निराश झाले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुढे कुणी म्हणे मावशी खचली, कुणी म्हणे देवमाणूस आहे. ती म्हणायची, "दोन्ही नाही. मला फक्त कळायला हवं होतं, लेक काय बोलला."

त्या रात्री ती जेवली नाही. पुढचे आठ दिवस दुकान बंद होतं. नवव्या दिवशी ती मला घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गेली. चार वर्षं त्या बाजूला फिरकली नव्हती. भर दुपार होती. दोन्हीकडे तीन मजली घरं, सगळ्या खिडक्या लावलेल्या. तिने मला जागा विचारली, मी दाखवली. रस्त्याच्या कडेला पदर सावरून बसली, आणि मी काही म्हणायच्या आत उताणी झोपली.

"मावशी, उठ. लोक बघतील."

"बघू देत." तिचे डोळे उघडे होते. "एक तार दिसते. टाकीचा कठडा दिसतो. आणि ती खिडकी."

मी वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काचेमागे एक चेहरा होता. मग शेजारच्या खिडकीत आणखी एक. मग समोर. एवढा वेळ ते तिथे होते की आत्ताच आले, कळायला मार्ग नव्हता. कुणी हलत नव्हतं. मावशी श्वास मोजल्यासारखी पडून होती.

मग कुठेतरी दार वाजलं. एक बाई तांब्या घेऊन धावत खाली आली. तिच्यामागून छत्री घेऊन एक म्हातारे, मग चपला न घालता एक मुलगी. बघता बघता आठ-दहा जण आमच्याभोवती जमले. कुणी वारा घातला, कुणी डॉक्टरला फोन लावला.

"चक्कर आली का हो? बरं वाटतंय ना?"

मावशी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत राहिली. "किती जण राहता तुम्ही इथे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तांब्यावाल्या बाईने मात्र मान खाली घातली.

मावशी उठून बसली, तिच्या हातचं पाणी प्यायली आणि तिच्या ब्लाउजकडे बघून म्हणाली, "काखेत उसवलंय तुमचं. उद्या टाका दुकानात. उघडतेय मी."