ओळ खाली पडू द्यायची नाही

दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या खानावळीला लागून एक गोडाऊन आहे. त्यात टायर भरलेले होते तोवर बरं चाललं होतं. मग कुणीतरी तिथे बँडच्या रियाजाची सोय केली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. इकडे डबे भरायची घाई आणि तिकडे धाडधाड ड्रम! पत्र्याच्या भिंतीवर ठोकून ठोकून थकले, तेव्हा एक दिवस लाटणं घेऊनच भांडायला गेले.

आत मधोमध खुर्चीवर साठीतली धिप्पाड अमेरिकन बाई बसली होती, गळ्याला रुमाल गुंडाळलेला. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि वर चढायची जागा आली की थांबत होती. माझं लाटणं बघून म्हणाली, "मारायला आलीस की जेवायला बोलवायला?" आता यावर काय डोंबल भांडणार? मी तिला वरण-भात आणून दिला.

मग ती रोजच जेवायला यायला लागली. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण दोन बायकांना बोलायला किती लागतं! तिचे वडील पाद्री, त्यामुळे चर्चमध्ये स्टुलावर उभी राहून गायला शिकली. तरुणपणी क्लबात जॅझ गायला लागली, तर वडिलांनी बोलणं टाकलं. "क्लबवाले म्हणायचे ही फार देवदेव करते, चर्चवाले म्हणायचे ही वाया गेली," असं सांगून खो-खो हसायची. पुढे बोटींवर गायली, मग इथल्या एका मोठ्या हॉटेलात स्थिरावली. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले गळा बरा आहे, पण मनातली भीती कोण काढणार? हॉटेलने तिला एका शनिवारची दुपार दिली होती. नीट गायली तर नोकरी आणि व्हिसा पुढे चालू, नाहीतर घरी परत. आणि घरी तिचं कुणी उरलं नव्हतं.

"अगं, लागतोय की सूर," मी म्हणायची.

"चर्चमध्ये मी अडले की सगळे मिळून गायचे. हॉटेलात मी एकटी असते," ती म्हणायची.

मला आमची भजनं आठवली. माझे बाबा कोकणात भजनी बुवा होते. बुवांचा आवाज बसला की मागच्यांनी लगेच ओळ उचलायची, ती खाली पडू द्यायची नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. तिलाही ते सांगितलं.

शनिवारी तिने दिलेल्या पासवर मी लेकीला घेऊन गेले. जॅझची गाणी झकास झाली, पण लोकांचं लक्ष ताटात. शेवटी तिने रियाजात अडायची ते चर्चमधलं गाणं घेतलं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून आम्हा पोळ्या लाटणाऱ्या बायकांना ते तोंडपाठ झालं होतं. ती चढली, त्या जागेशी आली आणि आवाज फाटला. ती गप्प झाली. सुटातला मॅनेजर कपाळाला आठ्या घालून बघत होता.

मी विचारबिचार केलाच नाही. तोंडातला केक गिळला, उभी राहिले आणि टाळ्या वाजवत ओळ उचलली, चांगली खणखणीत, भजनात म्हणतात तशी! अख्खं हॉटेल माझ्याकडे वळलं. लेक पदर ओढत होती, "आई, सिट डाउन! प्लीज!" सिक्युरिटीवाला माझ्याकडे यायला निघाला.

बाईने हात वर करून त्याला थांबवलं. डोळे मिटून माइकवर म्हणाली, "अगेन, हनी."

मी ओळ पुन्हा म्हटली. आता दोन-तीन वेटरही टाळ्या धरत होते. आणि शेजारी बघते तर काय, माझी लेक गात होती! तिसऱ्यांदा बाईने ओळ आमच्याकडून घेतली आणि रोज जिथे थांबायची ती जागा ओलांडून थेट वर गेली. मी भर हॉटेलात ढसाढसा रडले. मॅनेजरही टाळ्या वाजवत होता.

सोमवारी ऐन डब्यांच्या घाईत भिंतीपलीकडे तिचा आवाज सुरू झाला, पण अगदी हळू, आम्हाला त्रास नको म्हणून. मी लाटणं उचललं, पत्र्यावर दणकन आपटलं आणि ओरडले, "बाई, मोठ्याने गा की!"