चारशे सतराची ओळ

नवरा गेला त्या भादव्यात मी रडले नाही. त्याचा माझ्या माहेरच्या, एकोडीच्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला. "रडून घे वं माय, मोकळी होशील," एक म्हणायची. दुसरी पाठ चोळायची. तिसरी नुसती माझ्या तोंडाकडे पाहत बसायची, चुलीवरचं दूध कधी उतू जातं ते पाहावं तशी. मला रडूच येत नव्हतं, त्याला मी काय करू? राग येत होता, पण तोही अर्ध्यातच विझायचा. मेंदूचा मलेरिया होता त्याला. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी मी कामावर हजर. "लोक काय म्हणतीन?" आई म्हणाली. "म्हणू दे," मी म्हटलं. "तिथं निदान माझी पाठ कोणी चोळत नाही."

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. तो भट्टीवर, मी कॉम्प्युटरच्या खोलीत. मी गणित घेऊन बी.एस्सी. केलं होतं, वर नागपूरला वर्षभराचा कोर्स. तो आयटीआयवाला. लग्नात आमच्याकडचे चिडवायचे, "नवरा लोखंड वितळवते आन् बायको थंड्या खोलीत बसते." कारण यंत्रासाठी आमच्या खोलीत एअर कंडिशनर होता, साऱ्या कारखान्यात तेवढाच. जागा निघाल्याची चिठ्ठी नोटीस बोर्डावरून उतरवून त्यानेच घरी आणली होती. ऐंशीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं, आणि मलाही पुरतं माहीत नव्हतं.

आम्ही कारध्याला राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. पूल ओलांडला की भंडारा, तिथून कारखान्याची बस. त्याला पाळ्या असायच्या. दुसऱ्या पाळीला असला की दहाला सुटायचा, आणि मी सहालाच घरी येऊन बसलेली. "संध्याकाळी घर खायला उठते," असं मी एकदा त्याला चिडून म्हटलं होतं. त्यानंतर महिनाभरात त्याला कायमची पहिली पाळी लागली, सकाळी सहा ते दोन. मी विचारलं, हे कसं काय जमलं बाप्पा? तो म्हणाला, "नशीब आपलं." मी खरं मानलं. मी घरी पोचायचे तेव्हा स्टोव्हवर चहा उकळत असायचा.

पाळ्यांची यादी आमच्याच खोलीतून निघायची. दर शनिवारी प्रिंटर खडखडायचा आणि पुढच्या आठवड्यात कोण कोणत्या जागेवर, कोणत्या पाळीत, ते छापून यायचं. बिल्ला नंबर आणि नाव. त्याचा बिल्ला चारशे सतरा. तो गेल्यावर त्याचं खातं मीच कामगारांच्या फाइलमधून बंद केलं होतं. आणि पहिल्याच शनिवारी यादी आली, तर भट्टी, पहिली पाळी, चारशे सतरा, आणि पुढे त्याचं नाव.

मी ते पाहिलं. कागद फाडला, घडी केली आणि शिपायाच्या हाती दिला.

पुढच्या शनिवारी परत तेच. कुठेतरी चूक आहे हे मला कळत होतं, तेवढं काम मला येत होतं. पण मी शोधायला गेले नाही. म्हटलं, कागदच तर आहे. कोणाचं काय बिघडतं? खोटं कशाला सांगू, मी शनिवारची वाट पाहायची. आठवडाभर मला जेवणात मीठ आहे की नाही ते समजत नव्हतं, आणि शनिवारी मात्र त्या एका ओळीपाशी मी बरोबर पोचायची. आनंद व्हायचा असं नाही. ती ओळ यायची, बस्स.

असे चार महिने गेले. पुस महिन्याच्या थंडीत पुण्याकडचा एक नवा इंजिनिअर भट्टीवर आला आणि आठवडाभरातच त्याची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली: यादीत भट्टीवर दोन माणसं, जागेवर मात्र एकच. चार महिन्यांपासून एकच माणूस दोघांचं काम करतो आहे. अपघात होईल. ताबडतोब दुरुस्त करा.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. भट्टीवर दोघं कशाला लागतात ते मला त्यानेच सांगितलं होतं. एकानं लांब सळईनं वितळलेल्या लोखंडावरची मळी ओढायची, आणि दुसऱ्यानं चाक फिरवून भट्टी कलती करायची. त्याचा जोडीदार आंधळगावचा. आमच्या घरी कितीदा जेवलेला, मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. म्हणजे माझ्या त्या शनिवारच्या ओळीपायी भाऊजी सळई टाकून चाकाकडे पळत होते आणि चाक सोडून परत सळईकडे. यादीत माणसं पुरी दिसत होती, म्हणून दुसरा कोणी मिळत नव्हता.

दुपारी मी डीबगर लावला. डीबगर म्हणजे दुसरा प्रोग्राम अडवणारा प्रोग्राम. आपण सांगू त्या ओळीपाशी तो चालत्या कामाला थांबवतो, आणि आत काय चाललं आहे ते पाहू देतो. माऊस नाही, चित्र नाही, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि आपण एकेक आज्ञा टाइप करायची. मी सांगितलं, चारशे सतरा दिसला की थांब. तो थांबला. मी म्हटलं, आसपासच्या ओळी दाखव. त्याने दाखवल्या.

चूक साधीच होती. त्या जागेसाठी प्रोग्राम फाइल पाहतच नव्हता. तीन ओळींत नंबर आणि नाव सरळ लिहून टाकलं होतं. आणि त्यांच्या वर एक टीप होती. टीप यंत्रासाठी नसते, पुढे वाचणाऱ्या माणसासाठी असते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: चारशे सतराची बायको संध्याकाळी एकटी असते. कायम पहिली पाळी.

मागे आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीचे मुख्य, आमचे सर, उभे होते. गोंदियाचे, तोंडात सदा पान. ते हळूच म्हणाले, "ती ओळ माझी होय बाई. तो आला होता माझ्याकडे. म्हणे, तिले सांगू नका. मी साफ विसरून गेलो होतो."

"हो काय," मी म्हटलं. नशीब आपलं म्हणे! मला काही वाटायला हवं होतं, आणि ते कुठेतरी दूर चाललं होतं, शेजारच्या घरी कोणी मोठ्याने बोलावं तसं. सर पान थुंकायला बाहेर गेले.

डीबगरमध्येच एक आज्ञा होती, ती दिली की आहे त्या ओळीपाशी प्रोग्रामचं मूळ लिखाण उघडायचं. बाहेर जायची गरज नाही. मी ते उघडलं. टीप राहू दिली. खालच्या तीन ओळी काढल्या, त्या जागी फाइलमधून माणूस घेणारी ओळ लिहिली, जतन केलं, परत डीबगरमध्ये आले. ओळी दाखव म्हटलं, तर सगळं स्वच्छ. चारशे सतरा कुठेच नाही. मग मी म्हटलं, चल पुढे.

प्रिंटर खडखडला. भट्टी, पहिली पाळी, चारशे सतरा, आणि पुढे त्याचं नाव.

मला वाटलं, माझं डोकं फिरलं. पुन्हा ओळी पाहिल्या. ओळ नाहीच. पुन्हा चालवलं. तो हजर! एवढ्यात सर आले, त्यांनी पडद्यावर वाकून पाहिलं. "अव बाई, तुमी लिखाण बदलवलं. आत जे चालून राहिलं ते जुन्या लिखाणावरून बनलेलं हाय. तुमी वर कितीबी खोडा, त्याले पत्ता नाही. हे बंद करा, नव्यानं कंपाईल करा, मंग तो जाईन."

ते "तो जाईन" असं सहज बोलून गेले, आणि मग त्यांनाच कसंनुसं झालं. "म्हणजे ते नाव," ते म्हणाले.

"करते," मी म्हटलं.

आणि मी केलं नाही. नव्या लिखाणावरून प्रोग्राम परत बनवायची एक आज्ञा होती, पाच मिनिटांचं काम. सर दुसऱ्या दिवशी धानाच्या मळणीसाठी गोंदियाला गेले. मी इंजिनिअरच्या चिठ्ठीवर लिहिलं, दुरुस्ती केली आहे, आणि खाली सही केली. सही पाहून इंजिनिअर निर्धास्त झाला; लिखाण काढून कोणी पाहिलं असतं तरी दुरुस्ती दिसलीच असती. मी मनाशी ठरवलं होतं, एक शनिवार. एकदा अजून ती ओळ येऊ दे, मग सोमवारी करू. शनिवारी यादी आली, तो आला. मी कागद फाडला, घडी केली, शिपायाला दिला. सोमवारीही मी हात लावला नाही. मंगळवारीही नाही.

गुरुवारी सकाळी बातमी आली. चाकाकडे पळताना भाऊजींचा पाय घसरला, आणि भट्टीच्या कडेने सांडलेलं लोखंड बुटावर पडलं. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

मी टेबलाशी बसून होते. समोर यंत्र चालू होतं. मला माहीत होतं की हे मी केलं आहे, आणि तरी मी त्या दिवशी डबा खाल्ला. ते मला आजही आठवतं, आणि स्वतःची किळस येते.

दवाखान्यातून त्यांना शनिवारी घरी सोडलं. भट्टीवर त्यांच्या जागी कोण ते ठरायचं होतं, म्हणून त्या आठवड्याची यादी सोमवारवर ढकलली होती. रविवारी मी आंधळगावला गेले. ते ओसरीत खाटेवर बसले होते, पायाला हे एवढं बँडेज. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मी ग्लास तसाच हातात धरून म्हटलं, "भाऊजी, दुरुस्ती झाली नव्हती. मी खोटी सही केली. मागची यादी जुनीच होती."

"हो," ते म्हणाले. "नाव होतं न त्याचं. पाह्यलं मी."

"मंग बोलले काहून नाही?"

"कोणाले बोलू, वहिनी?" ते बँडेजकडे पाहत म्हणाले. "पहिल्याच महिन्यात आमचा फोरमन चिठ्ठी लिहाले बसला होता. मीच म्हटलं, राहू द्या साहेब. ते चिठ्ठी जाईन कोठी? वहिनीच्या टेबलावर. तिच्याच हातानं त्याचं नाव कायले काढाले लावता? सारी पाळी हो म्हणाली. आमी सांभाळून घेऊ म्हटलं. ज्याले फुरसत, तो येऊन चाक फिरवून जाये. कोणी नसलं तर मी. तो नवा साहेब आला, त्याले काय माहीत?"

त्यांची बायको दाराशी उभी होती. "चार महिने पाय दाबून मागून राहिले होते," ती म्हणाली. "मी म्हणो, वय झालं. चहा घ्या तुमी, थंडा होते."

मी चहा घेतला. माझ्या दुःखाला या माणसांनी चार महिने धक्का लागू दिला नव्हता, आणि मला वाटत होतं की तो कागद फक्त मीच वाचते. लाज वाटली. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "उद्या मात्र काढा, वहिनी. माझ्या जागी दुसरा येईन. त्याले एकट्याले नाही जमाचं."

सोमवारी सकाळी मी आल्या आल्या कंपाईल केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग यादी काढली. भट्टी, पहिली पाळी, दोन नंबर, दोन नावं, दोन्ही मला अनोळखी. टीप मी तेव्हाही काढली नाही. यंत्र टीप वाचत नाही, तिचा कोणाला त्रास नाही.

त्या दिवशी कागद शिपायाला दिला नाही. स्वतः घेऊन गेले. तीन वर्षांत मी भट्टीवर कधी गेले नव्हते, तोच म्हणायचा, येऊ नको, तुझ्यानं सहन होणार नाही. पहिली पाळी चालू होती. फोरमनने मला पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल काढला. मी यादी त्याच्या हाती दिली आणि विचारलं, चाक कोणतं, आणि सळई धरायची जागा कोणती. त्याने बोट करून दाखवलं.

मी सळईच्या जागेपासून चाकापर्यंत चालत गेले. अकरा पावलं होती. परत येताना पुन्हा अकरा. भट्टीची धग तोंडाला लागत होती. चार महिन्यांत मला काही लागलं असेल तर ते हे पहिलं. चार महिने ते अंतर ती माणसं माझ्यासाठी पळाली होती, आणि शेवटचा आठवडा मी भाऊजींना जाणूनबुजून पळायला लावलं होतं. मी तिथेच चाकाला धरून रडले, पाळीतल्या साऱ्यांसमोर, आणि कोणीही माझी पाठ चोळायला आलं नाही.