तांदळात लिहिलेलं नाव

काउंटरवरच्या मॅडमने फाइल परत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "फाइलमधल्या माणसाची ही बायको नाही."

मंगल माझ्या शेजारी उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मॅडमने मान हलवलेली कळली. तिने माझा दंड धरला. सातवा महिना लागला होता तिला.

मॅडमने मॅरेज सर्टिफिकेटवर बोट ठेवलं. "इथे बायकोचं नाव अनुजा." मग पासपोर्टवर ठेवलं. "इथे मंगल. अनुजा कोण? दुसरी बायको?"

मला पटकन बोलता येत नाही, तेही अशा ठिकाणी. मॅडम रागावलेली नव्हती. तिने मंगलच्या पोटाकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हे नीट करून आणा. लवकर."

तिने हळू का सांगितलं, ते मला माहीत होतं. या देशात लग्न नसताना पोटात मूल असेल तर तो गुन्हा धरतात. कागदावर मंगल कोणाचीच बायको नव्हती.

माझं काम आधी सांगते. दोहात ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागात एक टायपिंगचं ऑफिस आहे, तिथे मी आहे. टायपिंग म्हणजे नुसतं टाइप करणं नाही. व्हिसा, भाषांतर, शिक्के, सगळं तिथून होतं. मी चहा करते, लादी पुसते. आणि बायका गिऱ्हाईक असल्या की त्यांच्याबरोबर सरकारी ऑफिसला जाते, कारण तिथे लेडीज सेक्शन वेगळा असतो आणि आमचे सर आत येऊ शकत नाहीत. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. कोणता कागद कोणत्या खिडकीत द्यायचा, ते सर फाइलवर रंगीत चिठ्ठ्या लावून देतात.

मंगलचा नवरा संतोष दोहाजवळच्या लुसैल या नव्या शहरात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत फोरमन होता. दोघं जतजवळच्या खेड्यातले. वर्ल्ड कपच्या आधी तिथले टॉवर पुरे करायचे म्हणून त्याला सुट्टी मिळत नव्हती. तेव्हा त्याने बायकोलाच बोलावलं, विमानतळावर उतरल्यावर मिळतो त्या व्हिसावर. इथे आली की फॅमिली व्हिसा करून घेऊ, असा त्याचा हिशेब. मग कोरोना आला, विमानं बंद झाली, व्हिसा संपला, आणि मंगल बिनकागदाची राहिली. घराबाहेर पडायची नाही. बेल वाजली तरी दार उघडायची नाही.

आता सरकारने सवलत दिली होती. ज्यांचे कागद संपलेत त्यांनी मुदतीच्या आत यावं, एकतर कागद नीट करावेत, नाहीतर देशाबाहेर जावं. मंगलचा नवरा इथला परमिटवाला, म्हणून तिला राहता येणार होतं. पण ती त्याची बायको आहे हे कागदाने सांगायला हवं होतं. नाहीतर परत जायचं, आणि तेही लगेच, कारण पोट आणखी वाढलं की विमानात घेत नाहीत. गावी सासू एकटी, गुडघेदुखीने घरात बसलेली. मंगलचे आईवडील नाहीत.

ऑफिसात आलो तेव्हा संतोष बाकावर बसला होता. अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता, कंपनीचे बूट पायात तसेच. आमचे सर केरळचे. हिंदी बोलतात, पण भराभर. त्यांनी फाइल पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"संतोष भाई, खरं सांग. बायका किती?"

"सर, एकच आहे. ही काय, समोर बसलीय."

"मग अनुजा कोण?"

"हीच अनुजा."

"आणि मंगल?"

"तीपण हीच. लग्नात नाव बदललं, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "दीदी, तुमच्याकडे आडनाव बदलतं हे मला माहीत आहे. पहिलं नावसुद्धा?"

मी म्हटलं, "हो सर. पुष्कळ घरांत बदलतात. माझंही बदललेलं आहे."

"तुमचं कधी अडलं नाही?"

"मी पासपोर्ट फार उशिरा काढला सर. तोवर जुनं नाव कुठे राहिलंच नव्हतं."

मंगलचं तसं नव्हतं. पासपोर्ट काढताना तिने शाळेचा दाखला दिला, त्यावर मंगल. लग्नाची नोंद करताना ग्रामसेवकाने सुनेचं नाव विचारलं, तेव्हा सासरच्यांनी अनुजा सांगितलं. दोन्ही कागद खरे होते. फक्त एकमेकांना ओळखत नव्हते.

सर म्हणाले, "ठीक आहे. नाव बदललं, तर गॅझेट असेल. गॅझेट दे." गॅझेट म्हणजे सरकार छापतं ते पत्रक. कायद्याने नाव बदललं की त्यात छापून येतं.

संतोष म्हणाला, "गॅझेट नाही सर."

"मग नाव बदललं कुठे?"

"ताटात."

"कशात?"

संतोषने खाली मान घातली. "ताटात तांदूळ पसरतात, सर. मग नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो. सगळ्यांनी बघितलंय. फोटोपण आहे."

सरांनी कपाळावरचा चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "आणि ते तांदूळ कुठे आहेत?"

"शिजवले असतील, सर."

सर एवढे हसले की पलीकडची टायपिस्ट उठून बघायला आली. मंगललाही हसू आलं. तिला हिंदी थोडं कळत होतं. संतोष मात्र हसला नाही.

मग सरांनी रस्ता सांगितला. गॅझेट गावाकडून मागवायला वेळ नव्हता. नवीन पासपोर्टलाही वेळ लागणार. एम्बसीत प्रतिज्ञापत्र करायचं, की मंगल आणि अनुजा ही एकच बाई आहे. बरोबर लग्नपत्रिका जोडायची, कारण पत्रिकेवर माहेरचं नाव असतं आणि तारीख सर्टिफिकेटशी जुळते. त्यावर इथल्या मंत्रालयाचा शिक्का घ्यायचा, अरबी भाषांतर करायचं, आणि परत त्याच खिडकीवर जायचं.

"फक्त एक गोष्ट," सर म्हणाले. "यापुढे कोणतं नाव चालणार ते लिहावं लागेल. मी मंगल लिहितो. पासपोर्ट तोच आहे, काम पटकन होईल."

"नाही सर," संतोष म्हणाला. "अनुजा लिहा."

"अरे, पासपोर्ट मंगल आहे."

"बदलून घेऊ. लग्न झालं म्हणजे जुनं नाव संपलं. अनुजा हे माझ्या आईने ठेवलेलं नाव आहे. पोराच्या दाखल्यावर आईचं नाव मंगल लागलं तर घरचे काय म्हणतील?"

"घरचे नंतर म्हणतील. मुदत आधी संपेल. पासपोर्ट बदलेपर्यंत तुझी बायको इथे नसेल, मूल गावाला होईल, आणि तू टॉवरवर असशील. यल्ला, लवकर ठरव."

"अनुजाच, सर."

सरांनी पेन ठेवलं. "प्रतिज्ञापत्र तुझं नाही, तिचं आहे. सही ती करणार. तिला विचार."

संतोषने मंगलकडे पाहिलं. "सांग की गं त्यांना. अनुजाच पाहिजे म्हणून."

मंगलने पदर सावरला. मग माझ्याकडे बघून बोलली, नवऱ्याकडे नाही.

"ताई, मंगलच लिहायला सांगा."

"अगं!" संतोष म्हणाला.

"अगं म्हणूनच हाक मारता ना तुम्ही? अनुजा म्हणून कवा मारलीय? सासूबाई सूनबाई म्हणत्यात. दीर वहिनी म्हणतोय. गल्लीतल्या बाया संतोषची बायको म्हणत्यात. ते नाव एकदा ताटात लिहिलं आणि एकदा ग्रामपंचायतीत. मला त्या नावानं कोणी हाकच मारली न्हाय." तिने श्वास घेतला. "उद्या दवाखान्यात नर्सनं अनुजा म्हणून बोलावलं, तर मी दुसऱ्या कुणाला बोलावतेत म्हणून बसून राहीन. बाळंतपणात मला माझं नाव कळाया नको?"

मी हिंदीत सरांना सांगितलं. सगळं नाही, शेवटचं वाक्य सांगितलं. ते पुरलं. सर हसले नाहीत.

संतोष उठून बाहेर गेला. काचेतून दिसत होता, फोनवर बोलत फुटपाथवर येरझाऱ्या घालत होता. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"आईला विचारलं."

"काय म्हणाल्या?" मंगलने विचारलं.

"म्हणाली, अनुजा कोण?" तो बाकावर बसला. "मग आठवलं तिला. म्हणाली, पोरीला आधी डॉक्टरला दाखव, नावाचं काय घेऊन बसलास गाढवा."

"मंगल," सर म्हणाले आणि लिहायला लागले.

एम्बसीत मी बरोबर गेले. प्रतिज्ञापत्रावर तिने मंगल अशी सही केली, सरळ, शाळेतल्यासारखी. शिक्के झाले, भाषांतर झालं. लेडीज सेक्शनला गेलो तेव्हा मॅडम तीच होती. तिने अरबी कागद दोनदा वाचला.

"नाव का बदलतात?" तिने मला विचारलं.

"कस्टम, मॅडम," मी म्हटलं. म्हणजे रीत.

"आमच्यात लग्न झालं तरी बाईचं नाव तेच राहतं. मागे लावलेलं बापाचं नावही तेच." असं म्हणून तिने शिक्का मारला आणि बोटांचे ठसे घ्यायला पाठवलं.

मुदत संपण्याच्या आत मंगलचं इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड आलं. पहिल्यांदा ती नवऱ्याबरोबर समुद्रकाठी कॉर्निशला फिरून आली. मुलगी इथल्याच सरकारी दवाखान्यात झाली. दाखल्यावर आईचं नाव मंगल आहे. घरच्यांनी काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

तेव्हापासून महाराष्ट्रातलं जोडपं आलं की सर खुर्ची द्यायच्या आधी बाईला विचारतात, "लग्नाआधी नाव काय होतं?" बायका आधी लाजतात, मग सांगतात. नवरे बहुतेक वेळा चुकीचं सांगतात.

मला यातून एवढंच कळलं. सुनेचं नाव हौसेने बदलायचं असेल तर बदलावं, पण मग त्या नावाने तिला रोज हाक मारावी. आणि पासपोर्ट आधीच निघाला असेल, तर हौस बाळाच्या बारशाला करावी.