बाबाने लिहिलेली वेळ

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे बेडकी म्हणायचे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बेडकासारखे मारावे लागतात, आणि हिला ते कुणी शिकवावंच लागलं नव्हतं. वय चौदा, इयत्ता दहावी. म्हणजे झालंच की हो! दहावीतल्या पोरीने पहाटे उठून पाण्यात उड्या मारायच्या, हे ऐकूनच नातेवाईक हळहळायचे. बाबा मात्र तिच्या बाजूचा. छापखान्यात मजकूर तपासायचं त्याचं काम. एक वेलांटी चुकलेली दिसली तर या माणसाला जेवण जात नसे.

रोज पाचला स्कूटर निघायची. ती मागे अर्धवट झोपेत, आणि बाबा वाऱ्यावर ओरडून विचारायचा, "बाष्पीभवन म्हणजे काय?" सिग्नल येईपर्यंत उत्तर यायला हवं. नाही आलं तर, "बुडवलंस, बेडके!" पोहून झालं की ओल्या केसांनी थेट शाळा. भूगोलाची वही तर कायम भिजून फुगलेली. इतिहासाच्या तासाला डोळा लागला की मागच्या बाकावरची मैत्रीण पेन टोचायची. संध्याकाळी गणितं. कुरकूर करायची सोय नव्हती, कारण बाबाची अट एकच होती: दोन्ही जमवायचं.

तलावावर मुलं चाळीस आणि सर एकटे. म्हणून सरांनी रीत पाडली होती की आपापल्या पोराची वेळ आईबापांनीच घ्यायची आणि वहीत लिहायची. राज्याच्या निवडचाचणीचा अर्ज सर त्या वहीवरूनच भरत. शंभर मीटर एक मिनिट बावीस सेकंदांच्या आत पोहलात तर अर्ज, नाहीतर नाही. आणि तिचं या गटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कॉलेजातल्या धिप्पाड मुलींशी गाठ.

बेडकीने जिवाचं रान केलं. रविवार सोडले, मैत्रिणीचा वाढदिवस सोडला. भिंतीला हात लावून ती वर बघायची, तर बाबा घड्याळाकडे बघत मान हलवत असायचा. "एक मिनिट तेवीस पॉइंट चार." कधी चोवीस. एकदा तेवीस पॉइंट एक झाले, तेव्हा दोघं केवढे खूश! चार महिने हेच. अर्जाची मुदत संपली, तिने पोहण्याची पिशवी माळ्यावर टाकली आणि पुस्तकं ओढली. परीक्षा झाली, एक्याण्णव टक्के मिळाले.

निकालानंतर ती जरा अंग मोकळं करायला म्हणून तलावावर गेली. बाबा कामावर होता. सर म्हणाले, "चल, बघू किती गंजलीस ते," आणि घड्याळ त्यांनीच धरलं. ती पोहून वर आली, तर सर घड्याळाकडे बघतच राहिलेले.

"एक एकवीस पॉइंट दोन," ते म्हणाले. "पुन्हा पोह."

ती पुन्हा पोहली. दमली होती, तरी एकवीस पॉइंट आठ. सरांनी कपाटातून तिची वही काढून पानं चाळली. पाच महिने पाण्याला न शिवलेली पोरगी वहीतल्या प्रत्येक वेळेपेक्षा जोरात पोहली होती, तेही दोनदा. त्यांनी वही तिच्या हातात दिली, आणि ती तशीच ओल्या केसांनी घरी निघाली.

घरी बाबा जेवायला बसला होता. तिने वही त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि सरांचे आकडे सांगितले. आधी तो म्हणाला, सरांचं घड्याळ बिघडलं असेल. मग तिचा चेहरा बघून त्याने तो नाद सोडला.

"सुरुवातीला खरंच चोवीस होते गं. मग तू भराभर कमी करत गेलीस. निवड झाली असती तर तीन आठवड्यांचं शिबिर, ऐन परीक्षेच्या तोंडावर. अख्खं वर्ष वाया गेलं असतं."

"मग मला सांगायचंस. मी ठरवलं असतं."

"तू शिबिरालाच गेली असतीस."

"हो, गेले असते!"

"म्हणूनच ना! तुझ्या भल्यासाठीच केलं मी. एक्याण्णव टक्के काय आपोआप पडले?"

आता काय बोलणार या माणसाला! वर ऐटीत टक्के सांगतोय! तिला रडायचं नव्हतं. पाण्यात तोंड खाली घातलं की तिला काही दिसायचं नाही. काठावर बाबा आहे, तो सांगेल ते खरं, एवढंच तिला माहीत होतं.

"अर्जाच्या शेवटच्या दिवशी," ती कशीबशी म्हणाली, "मी सरांच्या खोलीमागे बसून रडत होते. तू माझे केस पुसत होतास. म्हणालास, 'बाळा, सगळ्यांनाच नाही जमत.' त्या दिवशी खरे किती होते?"

बाबाने मान खाली घातली. तो आकडा वहीत नव्हताच, पण त्याला आठवावंही लागलं नाही.

"एक वीस," तो म्हणाला. "पॉइंट नऊ."